ताटातले मुळे

सगुणाचा जन्म भाट्याच्या खाडीत मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढण्यात गेला. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, शिंपल्या वेचायच्या आणि रत्नागिरीच्या बाजारात वाटे लावून बसायचं. एकेक शिंपली ती वाजवून बघे. मिटली तर जिवंत, उघडीच राहिली तर पाण्यात परत. तिच्या टोपलीतून मेलेली शिंपली कुणाच्या घरी गेली नाही, याचा तिला तोरा होता. का नसावा?

गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर विज्ञान समजावून सांगणारा एक तरुण व्हिडिओ काढायला आला. बोलायला मोठा गोड. आपण दिसणार म्हणून ही बया ठेवणीतलं पातळ नेसून चिखलात उतरली. त्याने तिचे चिखलाने भरलेले हात अगदी जवळून टिपले. तिने बाजारभर सांगून ठेवलं, मला बघा हां. बाजाराने बघितलं.

व्हिडिओ होता दूरच्या एका खाडीतल्या शिंपल्यांत सापडलेल्या शिशाचा. वर लाल अक्षरांत ‘ताटातलं विष’ आणि खाली सगुणाचे हात. रत्नागिरीच्या खाडीची तपासणी झालेली नाही, हे त्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, पण अगदी शेवटी. तिथवर थांबतो कोण?

दुसऱ्या दिवसापासून वाट्यांवर माशा बसू लागल्या. रोज पहिला वाटा उचलून तिची भवानी करणारी फरीदा मान खाली घालून पुढे गेली. सगुणा मोबाईल घेऊन तिच्यामागे धावली.

“शेवटपर्यंत बघ गो बाय. त्यात आपली खाडी नाय.”

फरीदा म्हणाली, माझा तुझ्यावर भरवसा आहे, पण घरात लहान पोरं आहेत. शिंपली वाजवून शिसं कळत नाही, एवढं सगुणालाही कळत होतं. तिच्या मुलाने, भावेशने, त्या तरुणाला फोन लावला. त्याने मनापासून माफी मागितली, खुलाशाचा दुसरा व्हिडिओही टाकला. तो फारसा कुणी उघडलाच नाही.

न खपलेले मुळे तिने घरी रांधले. नातीने हात घातला, तोच सून रुपालीने तिची वाटी उचलून ओट्यावर ठेवली.

“तिला नको, आये,” ती हळूच म्हणाली. “उगाच कशाला?”

सगुणाला रागही येईना. तिने आपलं ताट पुढे ओढून एक मुळा तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदाच तिला तो गिळवेना.