कमानीखाली कोण उभं होतं

सुंदरबाई नवी नवरी असताना भाकरी थापता थापता तिनं भिंतीपलीकडचं भांडण ऐकलं. सासरे तिच्या नवऱ्याला विचारत होते, "बठ्ठं गाव देखत व्हतं, चुडामण. तू कोठे व्हता?"

"माले भ्याव वाटनं, आबा."

"तुनी बांधेल कमान, आनि खाले मी उभा राह्यनू."

"मंग सांगा गावले."

"सांगाले लाज वाटस माले."

तव्यावरची भाकरी करपली.

नरडाण्याकडच्या त्या गावात रीत होती. कमानीखालचा लाकडी आधार काढायच्या दिवशी, ती बांधणाऱ्या मिस्तरीनं खाली उभं राहायचं. सासऱ्यांनी जन्मभर दगड-चुन्याच्या कमानी बांधल्या. सिमेंटात पुरलेल्या सळयांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नदीवरची सिमेंटची पहिली कमान बांधली चुडामणनं, आणि त्या दिवशी पोट दुखतं असं गावाला सांगून तो कपाशीत जाऊन बसला. म्हातारा कमानीखाली बिडी ओढत उभा राहिला. कमान केसभर हलली नाही. हलली असती तर चुडामणचं भ्याव तरी खरं ठरलं असतं.

पुढे तो त्या पुलावरून कधी गेला नाही. पलीकडे बहिणीला, बेबाबाईला, रोज दूध पोचवायचा तो नदीत उतरून. पूर आला की बेबाबाई कोरा चहा प्यायची. कोणी विचारलं तर सुंदरबाई सांगे, "त्यास्ना तळपाय तापतस."

यंदा गावानं पुलाचा मिस्तरी म्हणून त्याचा सत्कार केला. शाल अंगावर पडताच तो माइकात म्हणाला, "आधार काढा तवय खाले मना बाप उभा व्हता. मी पळी गऊ."

टाळ्या पडल्या. सरपंच कामिनीताई म्हणाल्या, "बघा, चुडामणआबांचा मोठेपणा."

"मोठेपणा नही व, ताई. खरं शे. इले इचारा."

साऱ्या माना सुंदरबाईकडे वळल्या. शेजारी सून, मांडीवर नातू. तिनं पदर ओढला. "आते वय व्हयनं त्यास्नं. काहीबी बोलतस."

मांडव हसला.

घरी त्यानं शाल घडी करून ठेवली आणि जेवायला बसला. रागावला असता तर तिला घास तरी गिळता आला असता.

सकाळी केटली भरताना ती म्हणाली, "मी आज सांगसू सरपंचले."

"राहू दे. दूध दे."

त्या दुपारी झोपला तो उठला नाही. पण त्याआधी, सकाळी, त्यानं धोतर खोचून नदी ओलांडली, दूध पोचवलं. बेबाबाईनं केटली धुऊन दिली. "उद्या जरा जास्त आन, भाऊ. पाव्हना शेतस."

"आनसू," म्हणत तो पाण्यात उतरला.