दहा सेकंदांचा गजर आणि पौर्णिमाचा फॉर्म

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे, भूतखेत सगळं घराबाहेर गेलं. त्यात मी प्रोग्रॅमर. तरी लिहितेय... कारण वर्ष झालं, किळस काही जात नाही.

परभणीतल्या आमच्या ऑफिसात मुलींच्या एका वसतिगृहाचे ऑनलाइन फॉर्म येतात. सर्व्हर तुंबू नये म्हणून प्रत्येक फॉर्मला गजर लावलेला असतो — वेळ संपली की त्या कामाला 'थांब' असा सिग्नल जातो आणि ते तिथंच मरतं. आधी साठ सेकंद होते. साहेबांना रिपोर्टमध्ये सगळे फॉर्म झटपट झालेले दाखवायचे होते, म्हणून दहा करायला लावले. "खेड्यात रेंज नसते सर," मी म्हणाले. "मग त्यात आपला काय दोष?" म्हणत ते खिडकीतून गुटखा थुंकले. शी! पण दहाचा आकडा टाकला मीच.

शेवटच्या दिवशी दुपारी राणीसावरगावहून मावशीचा फोन आला. "बाई, पौर्णिमाचा फॉर्म जायना की. फोटू टाकला की नुसतं गोल फिरायलंय. पाचला बंद हाय म्हणं." पौर्णिमा तिची नात, आठवीतली. सगळं घर ऊसतोडीला निघालेलं. वसतिगृह मिळालं नाही तर शाळा सोडून पोर फडात जाणार होती.

साहेबांना म्हटलं, आजच्यापुरती वेळ वाढवू. नाही म्हणाले. स्क्रीनवर तिचा फॉर्म यायचा, दहा सेकंदांनी मरायचा. तीनदा असंच झालं.

चौथ्यांदा सिग्नल गेला, तरी फॉर्म चालूच. अकरा... वीस... पन्नास. साहेब मागं येऊन उभे राहिले. "मार ना ते हातानं. काय बघायलीस?"

आणि मी मारलं. एक शेवटचा सिग्नल असतो, तो कोणताच प्रोग्रॅम नाकारू शकत नाही. तो दोनदा दिला. दोन्ही वेळा 'बंद झाला' अशी नोंद पडली. तरी फॉर्म फोटो घेतच होता, तुकड्या-तुकड्यानं. चार मिनिटांनी फॉर्म जमा झाला.

अडकलेला प्रोग्रॅम कधी कधी लगेच मरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हा अडकला नव्हता, काम करत होता. नंतर खोटे फॉर्म भरून कितीदा तरी तसंच करून बघितलं, एकही वाचला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पौर्णिमाचा तोच फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला — "आपली सिस्टीम पार खेड्यापर्यंत पोचलीय." टाळ्या वाजल्या, त्यात माझीही होती.

पौर्णिमा आता वसतिगृहात आहे. मावशी भेटली की माझा हात धरते, "तुझ्यामुळं झालं बाई, लय उपकार." मी नुसती मान हलवते. त्या दिवशी सर्व्हरनं का ऐकलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. मी मात्र साहेबांचं ऐकलं होतं... दोनदा.