मिठाचं माप
आई गेल्यावर तिची पाककृतींची वही माझ्याकडून चुकून रद्दीत गेली. शोधत साखर पेठेत गेलो, तर रद्दीवाल्यानं शेजारच्या म्हातारीची खोली दाखवली. चुलीजवळ बसून ती वही वाचत होती, एकेका ओळीवरून बोट फिरवत. काही न विचारता तिनं मला भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. मी पहिला घास घेतला. चव हुबेहूब आईच्या हातची होती.

"आईनं मिठाचं माप कधीच लिहिलं नाही. तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"नुसती अक्षरं वाचू नये, बाळा. शाई कुटं कुटं पसरलीय ते बघ. लई रडायची की ती लिहिताना."

मी आईला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. का रडायची, हे त्या म्हातारीला विचारायचं धाडस झालं नाही. ती वही वाचता येत होती ती तिलाच, म्हणून तिच्याकडेच ठेवून मी निघालो.