व्याह्यांनी उघडलेले दार

यंत्रापुढे इतक्या नम्रतेने बसणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही. आमचे व्याही करमाडचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत कारखाने त्यांच्या बांधापर्यंत येऊन ठेपले होते आणि विहीर आटली होती. तरी विहिरीवरचा कॅमेरा ते मोबाईलवर रोज पाहत. "पाणी नसलं तरी नजर पाहिजे," म्हणत. आमच्याकडे आठवड्याने टँकर येई, म्हणून आमचे इंटरनेट दुरुस्त करायला येताना पिण्याचे पाणी ते स्कूटरला बाटली अडकवून स्वतःच आणत आणि राऊटरला हात लावण्यापूर्वी त्यातल्याच दोन थेंबांनी बोटे पुसत.

आमच्या देवघरातही एक कॅमेरा होता. परदेशी असलेली माझी कन्या, म्हणजे त्यांची सून, त्यातून रोज सकाळी आईला पाही. हिची स्मृती मावळत चालली होती. कन्येने तिकडून फिरवलेल्या कॅमेऱ्याने मान वळवली की "आली गं बाई," म्हणून ही पहिला घास घेई. नवा राऊटर आला आणि कन्येला बाहेरून आत येता येईना. मान वळेना, घासही उतरेना.

व्याही आले. माझे सोवळे जपत उंबरठ्याबाहेरच बसले आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी आकृती काढली.

"गुरुजी, ह्यानं सगळी दारं लावून घेतलीत. कॅमेऱ्यापुरतं एक उघडतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतेत ह्याला."

ते दुरुस्त करून गेले की संध्याकाळी कन्येला घर दिसे. सकाळी पुन्हा काही नाही. असे तीन दिवस झाले. कंपनीत फोन करावा, असे मी सुचविले.

"फोनवरची बाई लई गोड बोलती, पण ती राऊटरपाशी नाय."

चौथ्या दिवशी ते माझ्या पूजेआधीच येऊन बसले. पूजेच्या वेळी देवावर यंत्राची दृष्टी नको, म्हणून मी नित्याप्रमाणे कॅमेऱ्याचे बटन बंद केले व आरतीनंतर लावले. व्याही गालातल्या गालात हसले.

"घावलं. तुमी चालू केला की राऊटर त्याला नवा पत्ता देतोय. दार उघडंच हाय, पण ते जुन्या पत्त्यावर धाडतंय."

आता बटनाला हात लावू नका, असे ते म्हणतील म्हणून मी मनाची तयारी केली.

"सोवळं मोडायचं काम नाय. पत्ताच पक्का करून टाकू."

थोड्या वेळाने कॅमेऱ्याची मान वळली. हिने घास घेतला. व्याह्यांनी उंबरठ्याबाहेरूनच हात जोडले. देवाला की यंत्राला, हे मी विचारले नाही.

ही गेली, त्याला आता दोन पावसाळे झाले. ते दार आता बंद करावे, असे मी व्याह्यांना म्हणालो.

"राहू द्या, गुरुजी. आता पोरगी तुमाला बघती."

तेव्हापासून पहिला घास हातात धरून मीही मान वळण्याची वाट पाहतो.