काजऱ्याच्या अर्काची परीक्षा

मुलांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर बाल्कनीतल्या झाडांसाठी आणलेली औषधाची बाटली दाखवलीत. "आजी, हे झाडपाल्याचं आहे, म्हणजे निर्धोकच," असं म्हणालात. त्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. असल्या गोष्टी मला क्रमाने लिहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. तुम्ही अजून बाटली उघडली नसेल, म्हणून आजच लिहिते.

आमोणे गावातल्या आपल्या घरी शेती बघायच्या त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या वहिनी, माझ्या जाऊबाई. माहेर सावंतवाडीकडचं आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. मी डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तरीण.

भात निघाल्यावर त्या मिरची आणि आळसांदे, म्हणजे आपली गोव्याची चवळी, लावत. आळसांद्यांवर मावा पडे. दुकानातलं औषध त्यांना नको होतं, कारण शेताचा पाट घरच्या विहिरीला लागून जातो आणि अर्धा वाडा, म्हणजे अर्धी वस्ती, त्या विहिरीचं पाणी पितो. एका वर्षी त्यांनी स्वतःच औषध करायला घेतलं. अर्क तयार झाला, पण पानावर टिकेना, ओघळून जाई. त्यात रिठ्याचं पाणी घालायचं मी सुचवलं. बादलीत मुळात काय आहे ते मात्र मी नंतर विचारलं.

ते काजरे होते, म्हणजे कुचल्याची फळं. चतुर्थीला गणपतीच्या वर आपण रानफळांची माटोळी बांधतो, तिच्यातले उतरवून ठेवलेले, शिवाय रानातून आणखी आणलेले.

"वयनी, काजरा विषारी असतो."

"गणपतीच्या माथ्यार बांधतंव ता वीख कसा आसतला गो? देव काय आंधळो?"

येत्या सोमवारी वाड्यातल्या बायकांना औषध वाटायचा शब्द त्या देऊन बसल्या होत्या. म्हणजे सगळ्यांची फवारणी एकाच पाटात उतरणार होती. मी म्हटलं, विहिरीत काय जाणार ते आधी विहिरीतल्या माशांना विचारू. मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी आमच्या विहिरीत भरपूर होते.

लोणच्याच्या तीन बरण्या घासून घेतल्या. प्रत्येकीत विहिरीचं तेवढंच पाणी आणि पाच मासे. पहिलीत दुसरं काहीच नाही. दुसरीत एक चमचा काजऱ्याचा अर्क. तिसरीत एक चमचा तयार औषध, म्हणजे अर्क आणि रिठा. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, वहीत वेळ लिहिली.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आणि ह्या साध्या पाण्याची कसली परीक्षा? ता नापास झाला तर आमी पियाचा काय?"

दुपारच्या जेवणाआधी तिसऱ्या बरणीतले पाचही मासे उलटे तरंगत होते. दुसरीतले पोहत होते. जाऊबाईंनी दोन्ही बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्या काजऱ्यातले हंयसर जिते आसत. तुझो रिठो खंय गेलो? तेची बरणी भर मगे."

खरं तर ती बरणी मी सकाळीच भरायला हवी होती. चाळीस वर्षं मी रिठ्याने केस धुतले, दागिने धुतले. त्याची परीक्षा घ्यावी हे माझ्या मनातच आलं नव्हतं. चौथी बरणी भरली. चहाच्या वेळेपर्यंत तिच्यातले मासे मेले. वहीत ती वेळही लिहिली.

काजऱ्याची बरणीही पुढे टिकली नाही. दुसऱ्या संध्याकाळी मासे तळाशी बसून राहिले आणि तिसऱ्या सकाळी त्यातले दोन मेले. जाऊबाई पडवीत बराच वेळ त्या बरणीपाशी बसल्या होत्या. माशावरून माणसाचं सगळं कळत नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "माणसाचा कळासर थांबाचा काय?"

सोमवारी बायका बाटल्या घेऊन अंगणात आल्या. त्यांना काय सांगायचं याचे दोन मुद्दे मी काढून ठेवले होते, पण बोलल्या जाऊबाईच. "माझे काजरे नि मास्तरणीचे रिठे, दोगांनी मिळान मासे मारल्यानी. रिकाम्या बाटल्यो घेवन घराक जावा."

कुणीतरी म्हणालं, "इतके दिवस वास सोसलो तो फुकट!" हशा झाला. जाऊबाई हसल्या नाहीत. महिनाभराच्या मेहनतीचं ते औषध त्यांनी डोंगराच्या कडेला, पाण्यापासून लांब खड्डा काढून ओतलं. मला बादलीला हात लावू दिला नाही. आळसांद्यांचे मावा पडलेले शेंडे आम्ही त्या वर्षी हातांनी खुडले. पीक थोडं कमी आलं.

तुमची बाटली वाईटच आहे असं मी म्हणत नाही. ती कशावर तपासली आणि किती पातळ करून, हे तिच्यावर लिहिलं आहे का बघा.

जाऊबाई आता नाहीत. शेत दुसरे करतात. विहिरीचं पाणी आम्ही अजून पितो.