एक खुर्ची, सावलीत

नाजर वारल्याचे कार्ड नाजरांच्याच अक्षरात आले. कोपरा रीतसर फाडलेला, पत्ता माझा, मजकूर चार ओळींचा, आणि तारीख तेवढी दुसऱ्या हाताने पेन्सिलीने भरलेली. "कळविण्यास वाईट वाटते" असे लिहिले होते; "अत्यंत वाईट" नव्हे. अतिशयोक्ती त्यांनी कचेरीच्या कागदात कधी चालू दिली नाही, ती स्वतःच्या मरणाला कशी चालू दिली असती? शेवटी एक सूचना होती: भेटीस येणाऱ्यांनी दुपारच्या मोटारीने येऊ नये, धाड गावी मोटार थांबते तिथे त्या वेळी सावली नसते… कार्ड मी रिवाजाप्रमाणे दाराबाहेरच उभ्याने वाचले, आणि सांगायला लाज वाटते, पण आधी हसलो. रडू नंतर आले, अंगावर पाणी घेताना.

सखाराम नाजर आमच्या बुलढाण्याच्या कचेरीत उभी हयात होते. नाजर म्हणजे कचेरीच्या सामानाचा आणि साहेबाच्या सुखाचा कारभारी. थंडीत साहेब जिल्ह्यात दौऱ्यावर निघाला की त्याच्या आधी दोन दिवस तंबू, मेजे, कंदील आणि पाण्याची पिंपे घेऊन नाजर निघत. साहेबाला वाटे, वऱ्हाडात जिथे जावे तिथे झाडाखाली एक खुर्ची आपोआप उगवलेली असते. ती खुर्ची हीच नाजरांची विद्या. साहेब ज्या वेळी येणार त्याच वेळी, आदल्या दिवशी, ते स्वतः तिच्यात पाव तास बसत. ऊन डोळ्यांवर येते का, वारा चुलीचा धूर इकडे आणतो का, पाय नीट टेकतात का, हे पाहत. एकदा पिंपळगाव राजाच्या मुक्कामी नवा साहेब घोड्यावरून एक दिवस आधीच येऊन ठेपला, तेव्हा त्याच्या खुर्चीत नाजर डोळे मिटून बसलेले. हे काय चालले आहे, असे साहेबाने विचारल्यावर नाजर सावकाश उठले आणि म्हणाले, "बसून पाहून राह्यलो, साहेब." साहेब बसला आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलला नाही. खुर्ची चांगली होती.

मी शाळामास्तर. कमानी, हारतुरे आणि मानपत्रे यांवर माझा विश्वास नाही. ज्याने आयुष्यभर कमानी उभारल्या त्याचाही नव्हता, म्हणून आमचे जमले. बोलणे धाडचे आणि लिहिणे कचेरीचे, असा त्यांचा दुहेरी संसार होता. "कमान वाऱ्यानं पडते, मास्तर," ते म्हणत. "खड्डा हातभर खंदला तं नाई पडत. मानाचं मले काई माहीत नाई, खड्ड्याचं माहीत हाय."

धाडपासून बैलगाडीने अर्ध्या सकाळच्या वाटेवर एका जुन्या जमीनदार घराण्याचे घर आहे. गावाचे नाव लिहीत नाही. मालक हयात आहेत आणि त्यांचे वकीलही. काही वर्षांपूर्वी मालकांनी घराच्या पुढच्या भागात पूर्वजांच्या वस्तू मांडल्या, पाट्या लावल्या आणि ते लोकांना पाहायला खुले केले. नागपूरच्या अजबबंगल्यावरून लोक त्यालाही अजबबंगलाच म्हणू लागले. तिथे अंबारी आहे. हत्ती त्या घरात कधी नव्हता. रणात गाजलेली तलवार आहे. तिच्या धारेवर पेरू कापल्याचीही खूण नाही. उद्घाटनाला साहेब गेला होता, म्हणजे अर्थातच त्याच्या आधी नाजर. मात्र 'लोकांना खुले' याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. प्रतिष्ठितांना कोणत्याही दिवशी समोरच्या दरवाजाने. इतरांना जत्रेच्या दिवशी, तबेल्याच्या अंगाने.

याच घरात नाजरांची थोरली बहीण, गोदाबाई, हिने अकरा वर्षे दळण केले होते. आई लवकर गेली, नवरा त्याहून लवकर. पदराखाली हा धाकटा भाऊ. मागच्या अंगणात पहाटे ती दळायची आणि हा तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपायचा. त्या जात्याच्या घरघरीवर तो मराठी शाळा शिकला आणि कचेरीत लागला. पुढे धाडला विहिरीकाठी वांगी-मिरचीचा मळा झाला, गोदाबाई तिकडे आली, आणि ते घर मागे पडले. नाजर निवृत्त झाले त्या दिवाळीत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. शस्त्र लावून घ्यायला ती तयार नव्हती. आम्ही फराळाला बसलो होतो, आणि ती सहज म्हणाली, "सखाराम, त्या घराचं तोंड कसं हाय रे? म्या तं पाठच पाह्यली."

नाजरांनी हातातला करंजीचा तुकडा खाली ठेवला. "दाखवतो," ते म्हणाले. "समोरच्या दरवाज्यानं."

आणि दुसऱ्या दिवसापासून दौऱ्याची आखणी सुरू झाली. मी त्यांचे अनेक बंदोबस्त पाहिले होते. असा पाहिला नाही. डोळे किती दिवस साथ देतील याचा नेम नव्हता, तरी घाई नाही. पौष नको, सकाळी धुके; फाल्गुन नको, ऊन; माघ ठरला. ज्वारी निघून बैलही मोकळे होतात. मोतीबिंदूच्या माणसाला समोरून ऊन आले की काहीच दिसत नाही, उजेड पाठीमागून हवा, हे त्यांनी खामगावच्या डॉक्टराकडून समजून घेतले. मग उद्घाटनाच्या वेळचे टिपण काढून एक तक्ता केला: कोणती खोली, किती वाजता, उजेड कुठून. दूरच्या भाच्याची, नामदेवाची, दमणी म्हणजे हलकी बैलगाडी रिकामीच घेऊन ते एकदा सारा रस्ता जाऊन आले आणि कुठे धक्का बसतो ते लिहून ठेवले. घराच्या देवडीचा उंबरा गुडघाभर उंच. म्हणून मळ्यातल्या घराच्या दारात त्यांनी तेवढ्याच उंचीचा बाभळीचा ओंडका टाकला आणि दोन महिने गोदाबाईला त्यावरून ये-जा करायला लावले. शेजारीण कौतिकाबाई म्हणायची, "नाजरभाऊ, पाहाले चालले का डोंगर चढाले?"

शेवटी पत्र. तीन प्रती, एक मालकांना, एक स्वतःला, एक दप्तरी. धाडण्याआधी मला दाखवले. "मौजे धाड येथून अमुक वारी सकाळी नऊ वाजता पाहणीकरिता आगमन होईल. सोबत मंडळी चार. समोरील दरवाजा उघडा असावा. एक खुर्ची, सावलीत, घराकडे तोंड करून. पिण्याचे पाणी." खाली सही, आणि सहीखाली स्वच्छ अक्षरात: नाजर, निवृत्त.

"हे वाचून त्यांना साहेब येतो आहे असे वाटेल," मी म्हणालो.

"तसं लिहिलं हाय का?"

"नाही."

"मंग झालं." आणि त्यांनी पाकीट चिकटवले.

ठरल्या दिवशी नऊ वाजता आम्हा चौघांना घेऊन नामदेवाची दमणी त्या गावात शिरली, आणि कमान दिसली. केळीचे खांब, आंब्याचे टहाळे, पताका. दोन सनईवाले फुगलेल्या गालांनी तयार. देवडीत दिवाणजी झेंडूचा जाड हार घेऊन उभा. त्याने पत्र 'नाजर' पर्यंत वाचले होते. पुढचा शब्द वाचायची त्या घराला गरज कधी पडली नसावी.

"माय वं!" कौतिकाबाई गाडीतूनच ओरडली. "गोदाबाई, तुह्यं लगन हाय का आज?"

"चूप वं. कोनी मोठा मानूस येऊन राह्यला असन." गोदाबाई घाबरली. "सखाराम, चुकीच्या दिवशी आलो का रे आपन?"

"नाई, बाई. आपन बरोबर नव वाजता आलो."

आम्ही उतरलो. दिवाणजीने आमच्या मागे धुळीत मोटार शोधली. "साहेब मागून येतात का?"

"सगळे आले," नाजर म्हणाले.

दिवाणजीने नऊवारीचे दोन काष्टे पाहिले, भाकरीचे गाठोडे पाहिले, मला पाहिले. मग त्याचा हात उठला. "बायांना तिकडून. तबेल्याच्या अंगानं." आणि ते ऐकताच गोदाबाई खरोखरच तिकडे वळली. अकरा वर्षांची सवय. डोळ्यांना नीट दिसत नव्हते तरी पायांना वाट माहीत होती. दिवाळीपासूनची सारी आखणी बुडाली असे मला वाटले.

नाजरांनी आवाज चढवला नाही. खिशातून दुसरी प्रत काढली आणि वाचली, "समोरील दरवाजा उघडा असावा." वर पाहिले. "उघडा हाय. आभारी हाय." मग ते उंबरा ओलांडून आत गेले. आवारात लिंबाखाली खुर्ची मांडली होती. ते तिच्यात बसले. सनईवाल्यांनी वाद्ये खाली घेतली. दिवाणजी, मी, कौतिकाबाई, सगळे पाहत राहिलो आणि ते आपले निवांत घराकडे पाहत बसले. मग उठून त्यांनी खुर्ची दोन हात डावीकडे सरकवली, पुन्हा बसले, उठले, आणि हाक मारली, "बाई, इकडं ये. उंबरा ओंडक्याएवढाच हाय. उजवा पाय."

गोदाबाई परत फिरली. लुगडे सावरून, ओंडक्यावर घोटलेला पाय उचलून, ती त्या घरात समोरून आली आणि खुर्चीत बसली. दिवाणजीला अडवता आले नाही. साहेबासाठी मांडलेल्या खुर्चीत जो बसला तो साहेब, हे तो जन्मभर शिकला होता. एका सकाळीत ते विसरणे त्याला जमेना. हार घेऊन तो तसाच उभा. "दे बापा, सुकून जाईन," म्हणत कौतिकाबाईने तो त्याच्या हातून घेतला आणि गोदाबाईच्या मांडीवर ठेवला.

उजेड पाठीमागे, घर समोर. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "तोंड चांगलं हाय रे. पाठच वंगाळ होती."

नंतर तक्त्याप्रमाणे खोल्या झाल्या. अंबारी, तलवार, गालिचा. दिवाणजी मागून पाट्या वाचत होता, आता जरा आदराने. शेवटच्या खोलीत चौथऱ्यावर, दोरीच्या आड, एक जाते होते. पाटी: 'घराण्याच्या मूळपुरुषांच्या मातोश्रींचे नित्य वापरातील जाते.' गोदाबाई दोरीखालून वाकली. तिने वरच्या तळीच्या काठावरून हात फिरवला, आणि हात एका जागी थांबला.

"हे पाह्य. इथं टवका हाय. सखाराम लहान असताना त्यानं मुसळ पाडलं होतं यावर. म्या मारलं होतं त्याले." ती हसायला लागली. "हे तं माह्यं जातं हाय वं!"

"आजी, फार पुरातन आहे ते," दिवाणजी म्हणाला.

"असन बापा. म्या बी काई कालची नाई." तिने खुंटा धरून तळी एकदा फिरवली, कान देऊन ऐकले, मग हातातला हार त्या खुंट्याला अडकवला.

मी नाजरांकडे पाहिले. त्यांना नवल वाटलेले दिसले नाही; ते खिडकीतून उजेड कुठवर आला आहे ते पाहत होते. तेव्हा मला समजले: उद्घाटनाच्या बंदोबस्तात त्यांनी ही पाटी वाचली होती, तो टवकाही ओळखला होता, आणि साहेबाची खुर्ची मांडत गप्प राहिले होते. निवृत्त होईपर्यंत गप्प.

परतताना मी तावातावाने म्हणालो, ती पाटी खोटी आहे, मालकांना लिहायला हवे. नाजर म्हणाले, "पाटी बदलली तं जातं मांगच्या अंगनात जाईन, मास्तर. राहू द्या. चौथऱ्यावर तरी हाय." गोदाबाई गाडीच्या धक्क्यांत बसल्या जागी डुलत होती. "आवाज तोच हाय," एवढेच तिने दोनदा सांगितले. पुढच्या वर्षी तिला काहीच दिसेनासे झाले.

कार्ड मिळाल्यावर मी सकाळच्या मोटारीने धाडला गेलो. उतरलो तिथे लिंबाची लांब सावली पडली होती. गोदाबाई ओट्यावर बसली होती, माझ्या पावलांवरून ओळखून म्हणाली, "सावली होती ना, मास्तर?" मी होती म्हणालो.

गेल्या आठवड्यात बुलढाण्याला आमच्या शाळेच्या आवारात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी एक रावबहादूर, भाषणे पाच, त्यांत 'कर्तव्यदक्ष' हा शब्द मोजणे मी अर्ध्यावर सोडले. जाते कुणाला माहीत नव्हते आणि मीही सांगितले नाही. पण सभेच्या आदल्या दिवशी, सभेच्याच वेळी, साडेपाचच्या सुमारास, मी शाळेत गेलो होतो. अध्यक्षांची खुर्ची कट्ट्यावर मांडून ठेवली होती. बसलो. ऊन सरळ डोळ्यांत आले. उठून ती लिंबाच्या बाजूला ओढली, पुन्हा बसलो. आता बरे होते, पण पाय नीट टेकत नव्हते. आणखी वीतभर मागे घेतली… तेवढ्यात शाळेचा शिपाई झाडू घेऊन आला आणि थबकला.

"मास्तर, अध्यक्षांची खुर्ची हाय ते."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "बसून पाहून राह्यलो."