परतीचं आधी

गाडी कुणाचीही असो, इनासकाका पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसत नसत. मागचं दार उघडून मधल्या सीटवर जाऊन बसायचे, गुडघे जुळवायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला सांगायचे, "चल, आता चिंचोटी-कामण मार. मी बोलत नाय तवर थांबू नको." त्या रस्त्यावर कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून उरेल ती जागा आपली. तासाभराने परत आलं की काकांचा निकाल तयार असे. "गाडी पसंत करतो पुढं बसणारा, नि मागं बसते म्हातारी. तिला कोन विचारतं?"

काका वसईच्या पाचूबंदरचे. चाळिशीपर्यंत बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट आणि बोटीवरची माणसं दोन्ही त्यांच्या हातात. पुढे कंबर धरली, समुद्र सुटला आणि ते ड्रायव्हर झाले. आमच्या बिल्डिंगीत निम्म्या घरांपुढे गाड्या, पण घोडबंदर ओलांडायचं म्हटलं की निम्म्या मालकांना धाप लागते. मग लांबच्या प्रवासाला काकांना फोन जायचा. गेल्या काही वर्षांत एकामागून एक इलेक्ट्रिक एसयूव्ही आल्या आणि त्या सगळ्या काकांनी गोव्याला, उदयपूरला, महाबळेश्वरला नेऊन आणल्या. त्यामुळे कुठली गाडी किती पाण्यात आहे हे त्यांच्याइतकं वसईत कुणाला माहीत नव्हतं.

आम्हाला गाडी हवी होती ती माझ्या आईसाठी. ती कणकवलीला दादाकडे. हृदय अशक्त झालेलं, ट्रेनचं तिकीट आयत्या वेळी मिळायचं नाही, आणि महिन्याकाठी एकदा तरी मला तिच्याकडे जायचंच होतं. माझा नवरा मंदार याने तीन गाड्या निवडून लॅपटॉपवर भलामोठा तक्ता केला. कुठली किती किलोमीटर जाते, किती मिनिटांत चार्ज होते, स्क्रीन किती मोठा. चार रविवार तोच विषय. शेवटी मी वैतागून काकांना बोलावलं.

काकांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. तीन शोरूमच्या तीन गाड्यांत मागे बसून आले आणि आमच्या सोफ्यावर चहा पीत एकेकीची सालं काढली. "पहिलीला काचेचं छप्पर. काय बोंबील सुकवाचं हाय आत? दुसरीला स्टेपनी नाय, पंक्चरची बाटली देतात. होडीत वल्हं नाय नि बोलतात मशीन एक नंबर!"

"आणि तिसरी?" मंदारने विचारलं.

"तिसरीत बॅटरी खाली, म्हणून जमीन वर आली. गुडघं हनवटीला लागतात. पन बिचारी तिघींत बरी. मागं गादी घाल."

"पण काका, कंपनी म्हणते पाचशे किलोमीटर जाते."

काकांनी कप खाली ठेवला. "जायाचं कोनीपन सांगल, मंदारशेठ. परतीचं बोल."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. त्यांच्या बोटीवर डिझेलचा एक लाल कॅन असायचा. निघताना आधी परतीचं डिझेल त्यात भरून बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यात किती लांब जायचं ते ठरवायचं. समोर मासळीचा थवा उसळत असला तरी त्या कॅनला कुणी हात लावायचा नाही. गाडीलाही ते तोच नियम लावत. एका चार्जरवरून निघायचं तर पुढच्यापर्यंत पोचण्याइतकं चार्जिंग पुरेसं नाही. पुढचा बंद निघाला तर मागच्याला परत येता आलं पाहिजे. "पुढचा बंदच हाय असं समजून चालायचं. चालू निघाला तर देवाची कृपा."

आम्ही तिसरी गाडी घेतली. पुढे वर्षभर काकांनी मला कणकवलीला नेलं-आणलं. महाडच्या पुढे एका हॉटेलात चार्जर होता, पुढचा हातखंब्याजवळ. महाडला गाडी लावली की काका घरचा डबा काढायचे. हॉटेल शुद्ध शाकाहारी. काका खुशाल सुक्या जवळ्याची चटणी उघडायचे आणि मॅनेजर नाक मुरडत आला की म्हणायचे, "तुमचा करंट आमची गाडी खाते, आमचा जवला तुम्ही खावा." तो हसायचा आणि पलीकडे जायचा. बॅटरी ऐंशीच्या वर गेल्याशिवाय काका जागचे हलत नसत. मी घड्याळ दाखवलं की म्हणत, "बाय, घाई करतो तो खलाशी. तांडेलानं घाई करायची नाय."

काका मला फाटकाशीच सोडत, त्यामुळे आईने त्यांना दोनदाच पाहिलं असेल. पण दुसऱ्या वेळी तिने त्यांच्यासाठी मुद्दाम तिरफळं घालून बांगड्याची आमटी केली आणि माझ्या कानात म्हणाली, "माणूस बरो आसा गो. तुका सांभाळून हाडता." माणूस पारखण्यात माझी आई कधी चुकली नाही.

आणि मग तो मंगळवार उजाडला. पहाटे दादाचा फोन आला, आईला आयसीयूत हलवलंय. मंदार ऑफिसच्या कामाला चेन्नईला. पावणेपाचला फोन केला, सव्वापाचला काका खाली उभे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. एरवी वाटभर बडबड करणारा माणूस त्या दिवशी पनवेलपर्यंत एक अक्षर बोलला नाही. माणगावला एवढंच म्हणाले, "चहा घे थोडा. रिकाम्या पोटी रडू नये."

महाडला पोचलो तर चार्जरवर आधीच एक गाडी लावलेली आणि एक रांगेत. म्हणजे आपला नंबर लागून चार्ज होईपर्यंत दोन तास गेलेच. तेवढ्यात दादाचा फोन. "बेगीन ये. आई शुद्धीर आसा. सारख्या तुझाच नाव घेता."

माझं डोकं फिरलं. स्क्रीनवर एकशे सत्तर किलोमीटर दिसत होते. हातखंबा दीडशेच्या आसपास. मी म्हटलं, "काका, चला. हातखंब्याला चार्ज करू."

काका गाडीबाहेर उभे होते. शांतपणे म्हणाले, "बाय, परतीचं नाय."

"परत कुणाला जायचंय?" मी ओरडले. अक्षरशः ओरडले, रांगेतला माणूस वळून बघायला लागला. "मला पुढे जायचंय! माझी आई मरतेय तिकडे आणि तुम्ही मला बोटीच्या गोष्टी सांगताय? गाडी माझी आहे. चला म्हटलं ना!"

काकांनी चार्जरच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग आत बसले आणि गाडी सुरू केली.

एसी बंद, काचा खाली, वेग साठच्या आत. काकांनी ती गाडी तळहातावरच्या अंड्यासारखी नेली. हातखंब्याला पोचलो तेव्हा दोन टक्के उरले होते. आणि चार्जर मेलेला. सकाळी ट्रान्सफॉर्मर उडाला होता, सगळ्या परिसरात वीज नव्हती. हॉटेलवाला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येईल." काकांनी भर उन्हात प्रत्येक ट्रकला, प्रत्येक जीपला हात केला. एक टेम्पोवाला थांबला, पण तो लांज्यापर्यंतच जाणार होता. दादाने कणकवलीहून गाडी पाठवली, ती यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत काका एकदाही म्हणाले नाहीत, "मी सांगितलं होतं." माझ्या डोक्यावर आपला टॉवेल धरून उभे राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. आई पाचला गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आईला स्ट्रेचरवर ठेवलेलं, भोवती सगळे नातेवाईक जमलेले. दादाच्या दुःखाला वाट हवी होती. तो सरळ काकांच्या अंगावर गेला. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला म्हणाला, "महाडाक चार्ज कित्याक नाय केलंस रे? अक्कल खंय गेल्ली तुझी?"

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी आईच्या पायाशी बसले होते, तोंडात पदर. मला शब्द फुटत नव्हता असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. खोटं. शब्द होते. मी तोंड उघडलं नाही.

काका म्हणाले, "चुकलं माजं."

मंदार आला, त्याला दादाने सांगितलं. मंदारने चिडून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं की लांबच्या प्रवासाला इनासला बोलावू नका, वय झालंय, अंदाज चुकतो. मी तो मेसेज वाचला. वाचून फोन पालथा ठेवला. पुढच्या सुट्ट्यांत लोकांनी विरारचा कुणी नवा ड्रायव्हर धरला. काकांनी मासळीच्या लिलावावर बर्फाची टोपली उचलायला सुरुवात केली, असं कानावर आलं. ज्या कंबरेने समुद्र सोडायला लावला, त्याच कंबरेने. मला झोपेत टॉवेल दिसायचा.

सांगणार होते मी. देवाशपथ सांगणार होते. आईचे दिवस होऊ देत, मग वाटलं वर्षश्राद्ध होऊ दे, मग वाटलं आता इतक्या उशिरा सांगितलं तर मंदार काय म्हणेल, दादा काय म्हणेल. माणूस स्वतःशी किती सोयीने बोलतो!

एकदा वसईच्या होळीबाजारात ते समोरच आले. हातात जाळीची पिशवी, अंगाने उतरलेले. मी भाजीकडे वळणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "बाय! गाडी कशी हाय? मागच्या टायरांची हवा बघत जा, ही गाडी मागचं टायर खाते." मी हो हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "मंदारशेठ बरा हाय?" मी म्हटलं, बरा आहे. ते थोडे थांबले. माणूस पुढच्याने बोलावं म्हणून थांबतो ना, तसे. मी म्हटलं, "येते हं काका, घाई आहे." आणि निघाले. कसली घाई? घरी जाऊन मी बटाटे सोलले.

या डिसेंबरात, नाताळच्या आधीच, काका लिलावाच्या धक्क्यावर बसल्याजागी गेले. मला वॉचमनकडून कळलं, तेही मातीला तीन दिवस झाल्यावर. चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मी त्यांच्या घरी गेले. लहानसं घर, दारात जाळी वाळत घातलेली, ओटीवर कोपऱ्यात तो लाल कॅन. गंज चढलेला, पण झाकण घट्ट लावलेलं. त्यांची बायको मारियाकाकू काळ्या साडीत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "काकू, त्या दिवशी काकांची चूक नव्हती. ते नको म्हणत होते. मी ओरडून त्यांना न्यायला लावलं. आणि सगळ्यांसमोर गप्प बसले."

तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मना ठाव हाय. बोलला होता मना."

"मग त्यांनी कुणाला सांगितलं का नाही?"

"मीपन तेच बोलली. भांडली त्याच्याशी. तर बोलला, पोरीची आय गेलीय, तिच्या डोक्यावर आनि हे कशाला? येल ती. आपल्या पायानं येल बोलाया." काकूने पदराने नाक पुसलं. "लिलावावरून आला का रोज विचारायचा, कोन आलं होतं का म्हनून."

मला तिथे बसवेना. उठवेनाही. काकूनेच शेवटी पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी मी मंदारला सांगितलं. दादाला फोन केला, तो एवढंच म्हणाला, "तेव्हाच सांगूचा नाय?" बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळं जसं घडलं तसं लिहिलं. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी लिहिलं 'आत्म्यास शांती लाभो', आणि त्याखाली लगेच पाण्याच्या टँकरची चौकशी सुरू झाली.

आता कणकवलीला जाताना मंदार चालवतो. महाडला तो म्हणतो, अजून दोनशे दाखवतेय, निघू या. मी खाली उतरते, गाडीला चार्जरची गन लावते आणि ऐंशी होईपर्यंत त्या हॉटेलच्या पायरीवर बसून राहते. मॅनेजर अजून विचारतो, "तुमचे ते जवळावाले काका कुठे असतात?"

चौदा महिने काका माझी वाट बघत होते. एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटर जाणारी गाडी माझ्या दारात उभी होती. आणि माझ्या घरापासून पाचूबंदर सहा किलोमीटर आहे.